कोणता गेम खेळतोस, ते आधी सांग

बाळकुम नाक्याजवळच्या एखाद्या संकुलातून आई आणि मुलगा बाह्यरुग्ण विभागात येतात. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तक्रार उजव्या अंगठ्याची. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखतं आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना कळ येते. डॉक्टर अंगठा मुठीत मिटायला सांगतात, मूठ हलकेच करंगळीच्या बाजूला वळवतात आणि मुलगा ‘आई गं’ म्हणतो. निदान तिथेच होतं. आईचं खरं दुखणं मात्र वेगळं असतं. ‘डॉक्टर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम चालू असतो. तुम्हीच सांगा याला काहीतरी.’ डॉक्टर विचारतात, ‘रोज किती तास?’ मुलगा म्हणतो, ‘दोन.’ आई म्हणते, ‘सहा तरी!’ पुढची दहा मिनिटं या दोन आणि सहाच्या वादातच जातात.

हे चित्र एका घरातलं नाही, अनेक घरांचं मिळून झालेलं आहे. त्यात एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. गेम कोणता, आणि त्याबद्दल तुझं स्वतःचं मत काय? हा प्रश्न विचारला, की इतका वेळ मान खाली घालून बसलेला मुलगा खुर्चीत सावरून बसतो. मग ऐकायला मिळतं ते साधारण असं असतं: ‘सर, आधी गेम एकदाच विकत घ्यायचा, मग तो पूर्ण आपला असायचा. आता गेम फुकट आणि आतलं सगळं विकत.’ ‘रोज लॉगिन केलं नाही तर बक्षीस जातं. कामावर हजेरी लावल्यासारखं झालंय.’ ‘क्रेट म्हणजे सरळ जुगार आहे.’ आणि मग थोडं थांबून, ‘खरं सांगायचं तर आता तेवढी मजा येत नाही. स्क्वाडमधले मित्र असतात म्हणून येतो.’

क्रिकेटच्या संघनिवडीवर नाक्यावर जशी मतं ऐकू येतात, तशीच ही मतं. कोणी मुद्दाम अभ्यास करून मांडलेली नसतात. पण वैद्यकीय कानांनी ऐकली तर त्यांत रुग्णाचा निम्मा इतिहास सापडतो. विशेषतः शेवटच्या वाक्यात.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली. २०१९च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने ही आवृत्ती स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२पासून ती लागू झाली. तिथली व्याख्या वाचताना अनेक पालकांना आश्चर्य वाटेल, कारण तिच्यात तासांचा आकडाच नाही. तीन गोष्टी पाहायच्या असतात. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का? इतर आवडी आणि रोजची कामं मागे पडून गेम सर्वांत वर जाऊन बसला आहे का? आणि नुकसान दिसत असूनही खेळणं तसंच चालू आहे किंवा वाढतं आहे का? यामुळे अभ्यास, नोकरी, घरातले संबंध यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि हे साधारणपणे १२ महिने चाललेलं असावं लागतं. स्थिती गंभीर असेल तर त्याआधीही निदान करता येतं. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस रात्रंदिवस खेळलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. रोज दोनच तास खेळणारा, पण त्या दोन तासांसाठी आईच्या खात्यातून न विचारता पैसे काढणारा आणि परीक्षा बुडवणारा मुलगा कदाचित बसेल.

असे किती जण असतात? अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीतल्या सुमारे १९ हजार प्रौढांची पाहणी २०१७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण लोकसंख्येत ०.३ ते १ टक्का लोक विकाराच्या निकषांत बसू शकतील, असा तिचा अंदाज होता. निकष बदलले की हा आकडाही बदलतो आणि भारतीय किशोरवयीनांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी एवढं धरून चालायला हरकत नाही, की खेळणाऱ्यांतले बहुसंख्य आजारी नसतात. सोसायटीतली चार मुलं मोबाइल घेऊन जिन्यात बसलेली दिसली, की ‘व्यसनी झालीत सगळी’ असं म्हणणं सोपं असतं. त्या चौघांपैकी कदाचित एकालाही उपचारांची गरज नसेल. आणि ज्याला ती आहे, तो जिन्यात मित्रांबरोबर दिसणारही नाही. तो दार लावून एकटा बसलेला असेल.

तासांच्या हिशेबाबद्दल आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३८,९३५ प्रौढ खेळाडूंची माहिती तपासली. ‘किती खेळता?’ असं खेळाडूंना विचारण्याऐवजी त्यांनी सात गेमच्या कंपन्यांकडून प्रत्यक्ष खेळलेल्या वेळेच्या नोंदी मिळवल्या. दोन की सहा, हा आई-मुलाचा वाद तिथे आपोआप मिटला. निष्कर्ष असा, की खेळण्याचा वेळ कमी-जास्त झाल्याने मनःस्वास्थ्यात फरक पडलेला जवळजवळ दिसलाच नाही. फरक दिसला तो खेळण्यामागच्या कारणात. खेळावंसं वाटतं म्हणून खेळणारे बरे होते. खेळावंच लागतं अशा भावनेने खेळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य कमी होतं. ‘आता मजा येत नाही, पण येतो’ हे आपल्या मुलाचं वाक्य इथे आठवावं.

मग मजा संपल्यावरही माणूस का खेळत राहतो? यात मुलाच्या मनाचा दुबळेपणा असतोच असं नाही. गेम तसा बांधलेला असतो.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर भूक लागेल तेव्हा येतं आणि पोट भरलं की जातं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला आणि कधी लागोपाठ दोनदा मिळायला लागला, की कबूतर थांबत नाही. दाणे देणं बंद केल्यावरही ते बराच वेळ टोचत राहतं. जुगाराच्या यंत्रांची रचना याच तत्त्वावर उभी आहे. गेममधल्या क्रेट किंवा लूट बॉक्सचं तत्त्वही तेच: पैसे आधी द्यायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर. बहुतेक वेळा निघते ती फुटकळ वस्तू, क्वचित एखादी दुर्मीळ बंदूक किंवा पोशाख, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘स्किन’.

मेंदूत काय होतं याची एक झलक १९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आली होती. लंडनमधल्या संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा गेम खेळायला दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅनिंग केलं. खेळताना डोपामिन हे रसायन स्रवत असल्याचं दिसलं आणि ज्यांचा खेळ चांगला होत होता त्यांच्यात ते अधिक स्रवलं. या शोधाचा पुढे इतका गवगवा झाला, की आज प्रत्येक गोष्टीला ‘डोपामिनचं व्यसन’ म्हणायची पद्धत पडली आहे. त्यात फारसा अर्थ नाही. आवडीचं जेवण समोर आलं, आपल्या माणसाची हाक ऐकू आली तरी हीच यंत्रणा चालते. डोपामिनचा संबंध आनंदापेक्षा अपेक्षेशी जास्त आहे, एवढं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. पेटी उघडल्यावर मिळणाऱ्या सुखापेक्षा ती उघडण्याआधीच्या त्या दोन-तीन सेकंदांची ओढ मोठी असते. गेम तयार करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून तर पेटी उघडताना एवढा प्रकाश आणि एवढा आवाज.

फुकट गेमचं अर्थकारणही मुलं बरोबर ओळखतात. बहुतेक खेळाडू एक रुपयाही खर्च करत नाहीत आणि कमाईचा मोठा वाटा थोड्या लोकांकडून येतो. या थोड्यांना उद्योगात ‘व्हेल’ म्हणतात. हा शब्द कॅसिनोंतून आलेला आहे, यावरून काय ते समजावं. खरे रुपये आधी यूसी किंवा डायमंडसारख्या गेममधल्या चलनात बदलून घ्यायचे असतात, त्यामुळे खर्च किती झाला याचं भान सुटतं. यूपीआयच्या एका स्पर्शात ते काम होतं.

खेळाडूंच्या कुरकुरीला वजन असतं, याचं एक ठळक उदाहरण आहे. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा गेम नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. तो फुकट नव्हता, चांगली किंमत मोजून घ्यायचा होता. तरीही त्यातला डार्थ व्हेडरसारखा एखादा नायक खुला करायला सुमारे ४० तास खेळावं लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. शिवाय पुढे जायला लूट बॉक्सची मदत होतीच. जगभरातून इतका संताप व्यक्त झाला, की बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला गेममधली पैशांची खरेदी बंद करावी लागली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स बेकायदा ठरवले. त्याच वर्षी ‘प्लॉस वन’मध्ये ७,४२२ खेळाडूंची पाहणी आली. ज्यांना जुगाराची समस्या जास्त, त्यांचा लूट बॉक्सवरचा खर्चही जास्त, असं तीत आढळलं. लूट बॉक्समुळे जुगाराकडे ओढ वाढते की जुगाराकडे ओढा असलेले लोक लूट बॉक्सवर जास्त खर्च करतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण ‘क्रेट म्हणजे जुगार’ म्हणणारा मुलगा अगदीच हवेत बोलत नसतो.

आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः बंदीची. २०१९च्या सुरुवातीला पबजीवर बंदी घालावी म्हणून ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं, मुलांच्या आरोग्याचं नाही. २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. परतताना अल्पवयीनांना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास अशी मर्यादा होती. २०२१च्या नियमांत अल्पवयीनांच्या खरेदीलाही मर्यादा घातलेली होती, दिवसाला ७,००० रुपयांची! ठाण्यातल्या किती घरांत शाळकरी मुलाला दिवसाला एवढे पैसे मिळतात, हे वाचकांनीच ठरवावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. रमी आणि फँटसी क्रिकेटमध्ये पगार घालवणाऱ्यांच्या घरांना यातून दिलासा मिळाला तर चांगलंच आहे. पण पैसे घालून बंदुकीचा रंग जिंकणं हा या कायद्याचा मुख्य विषय नाही. तो प्रश्न घरातच हाताळावा लागेल.

घर म्हटलं की आणखी एक गोष्ट निघते. मुलाच्या गेमची तक्रार करणाऱ्या आईच्या पर्समधल्या मोबाइलवर कँडी क्रश असण्याची शक्यता बरीच असते. त्यात पाच जीव मिळतात आणि एक जीव परत यायला ३० मिनिटं लागतात, नाहीतर पैसे द्या. ठाणे ते मुंबई लोकलमध्ये हे जीव कसे संपतात, हे अनेकींना सांगायला नको. रचना तीच, फक्त बंदुकीच्या जागी गोळ्या-चॉकलेटं. हे मुलालाही माहीत असतं आणि भांडणात तो ते काढतोच.

बाळकुमबद्दल थोडं. आगरी-कोळी वस्तीचं हे जुनं गाव, मग कोलशेत रस्त्यावरचे कारखाने आणि आता त्यांच्या जागी उंच इमारती. २०२० मध्ये साकेत-बाळकुमच्या ग्लोबल हबच्या इमारतीत महापालिकेचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. आसपासच्या मुलांनी ते दिवस घरात कोंडून काढले. त्यांना मोबाइल पालकांनीच दिला, शाळा त्यावर भरणार होती म्हणून. तेव्हा पाचवी-सहावीत असलेली मुलं आज कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यासाठी स्क्वाड हीच गल्ली आणि हेच मैदान होतं. ‘मित्र असतात म्हणून येतो’ या वाक्याचा उगम तिथे आहे. अशा मुलाकडून मोबाइल हिसकावला, की गेमबरोबर त्याचे मित्रही जातात.

मुलांचं आणखी एक ठाम मत असतं: ‘गेममुळे कोणी हिंसक होत नाही.’ यात ते बऱ्याच अंशी बरोबर आहेत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा तपासली. हिंसक गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली असं आक्रमक वागणं यांत लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसेला गेम जबाबदार धरण्याइतका पुरावा नाही, असं तिने म्हटलं. गेमचे फायदेही नोंदले गेले आहेत. वेगवान ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचं दृश्य अवधान अधिक चांगलं असल्याचं २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं होतं. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ३३ शल्यचिकित्सकांच्या एका अभ्यासात, आठवड्याला ३ तासांहून अधिक गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या. हा अभ्यास छोटा आहे. त्याचा दाखला देऊन बारावीच्या अभ्यासातून सूट मागणारी मुलंही आहेत. त्यांना त्यासाठी आधी शल्यचिकित्सक व्हावं लागेल!

मुलं ज्याकडे दुर्लक्ष करतात ती गोष्ट म्हणजे झोप. सगळे मित्र मोकळे होतात ते रात्री अकरानंतर. अटीतटीची मॅच संपल्यावर शरीर लगेच शांत होत नाही. दोन वाजता गेम बंद झाला तरी झोप लागायला तीन वाजतात आणि सकाळी सातची बस असते. महिनाभर असं चाललं, की चिडचिड, विसराळूपणा, घसरलेले गुण आणि सतत मंद डोकेदुखी सुरू होते. याला घरचे ‘गेमने डोकं फिरलंय’ म्हणतात. पुष्कळदा ती निव्वळ अपुरी झोप असते. हेडफोनचा आवाजही तपासायला हवा. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही प्रौढांसाठी सुरक्षिततेची मर्यादा मानतात आणि मुलांसाठी ७५ डेसिबल. मॅचमध्ये पावलांचा आवाज ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला जातो, त्यात गोळीबारही तितकाच मोठा होतो. आणि एक दुर्मीळ पण महत्त्वाची गोष्ट: गेमच्या उत्कंठेत मूल अचानक बेशुद्ध पडलं, तर ‘चक्कर आली असेल’ म्हणून सोडू नये. २०२२ मध्ये ‘हार्ट रिदम’ नियतकालिकात अशा २२ मुलांच्या नोंदी आल्या. त्यांतल्या अनेकांत हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष लपलेला होता. ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला तातडीने घ्यावा.

घरात काय करता येईल? आधी त्याच्या शेजारी बसून अर्धा तास गेम पाहावा. मॅच साधारण किती वेळ चालते ते समजून घ्यावं. बीजीएमआयची मोठी मॅच अर्ध्या तासाची असते, मध्ये थांबवता येत नाही आणि मध्येच सोडली तर उरलेले तिघे अडचणीत येतात. ‘जेवायला ये, आत्ताच्या आत्ता’ यापेक्षा ‘ही झाली की पुढची सुरू करू नकोस, पानं घेतेय’ हे जास्त वेळा चालतं. कार्ड किंवा यूपीआय गेमच्या खात्याला जोडलेलं ठेवू नये. नोटिफिकेशन बंद करावीत. रात्री मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा, आई-बाबांचाही.

पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे ॲपलने २०१७पासून आणि गूगल प्लेने २०१९पासून जाहीर करायला लावलं आहे. तो आकडा मुलालाच शोधून मोठ्याने वाचायला सांगावा. शंभरात एक अशी शक्यता असेल तर शंभर पेट्या उघडूनही दर शंभरातल्या ३६-३७ जणांच्या हाती ती वस्तू लागत नाही. हे गणित अकरावी-बारावीच्या संभाव्यतेच्या धड्यातलं आहे आणि ते स्वतः करून पाहिलेल्या मुलाला वेगळं समजावावं लागत नाही. गेमच सोडायचा नसेल तर गेमची जात बदलता येते. शेवट असलेला, एकदाच विकत घ्यायचा, रोजची हजेरी न मागणारा गेम पाहावा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा तसाच. गोष्ट संपते, गेम संपतो, माणूस उठतो.

काही वेळा गेम हा मूळ आजार नसतोच. नैराश्य, परीक्षेची किंवा लोकांत मिसळण्याची भीती, एकाग्रतेचा अभाव, वर्गात होणारा छळ यांपासून पळायची ती जागा असते. कॉलेजला जाणं बंद झालं, आंघोळ-जेवण सुटलं, घरातले पैसे किंवा वस्तू जाऊ लागल्या, गेम थांबवल्यावर हाणामारी होऊ लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी जावं. या विकारासाठी खास मंजूर झालेलं औषध नाही. विचार-वर्तन उपचारपद्धती, कुटुंबाचं समुपदेशन आणि सोबत असलेल्या आजाराचे उपचार यांनी फरक पडतो. ठाण्यात १९०१पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही मिळते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं.

राहता राहिला अंगठा. या दुखण्याचं वर्णन फ्रिट्झ द केर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये केलं, तेव्हा मोबाइल नव्हते. अंगठा उचलणाऱ्या दोन स्नायूबंधांभोवतीचं आवरण जाड होतं आणि ते त्यात घासू लागतात. बाळाला सारखं उचलून घेणाऱ्या नव्या आयांनाही हे होतं. काही आठवडे अंगठ्याला आधार देणारी पट्टी, दुखणाऱ्या हालचालींना विश्रांती आणि गरजेपुरती वेदनाशामक गोळी एवढ्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. नाहीच वाटलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन, आणि फार क्वचित लहानशी शस्त्रक्रिया. पट्टी बांधून झाल्यावर मुलगा हमखास एक प्रश्न विचारतो, डाव्या हाताने खेळलं तर चालेल का?